एकोणीस मिनिटं मागे

आमच्या पंपघरात दोन वेळा चालायच्या. एक साऱ्या जगाची, दुसरी आमची. आमची जगापेक्षा एकोणीस मिनिटं मागे.

हे सगळं जुन्या कॉम्प्युटरमुळे. काही वर्षांपूर्वी वीज जाऊन आली आणि त्याचं घड्याळ एकोणीस मिनिटं मागे राहिलं. कुणीतरी हौसेनं ते पुढे सरकवलं, तर पंप चालू-बंद करणारा प्रोग्राम असा रुसला की दोन दिवस गावाच्या नळाला थेंब नव्हता. घड्याळ पुन्हा मागे केलं तेव्हा कुठे स्वारी ठिकाणावर आली. मग काय, कॉम्प्युटर बदलेना म्हणून माणसं बदलली. भिंतीवरचं घड्याळ मागे झालं, नोंदवहीत तीच वेळ पडू लागली, आणि व्हॉल्व्हवर फिरणाऱ्या चावीवाल्यानंही मनगटावरचं घड्याळ तसंच लावून घेतलं. मी कामावर लागले तेव्हा पहिल्या दिवशी मला एवढंच सांगितलं गेलं, "बाई, इथं भिंतीवरचं घड्याळ पाहायचं." फोन तसाही टेबलाच्या खणात ठेवायचा नियम होता. महिन्याभरात हे इतकं अंगवळणी पडलं की आपण मागे आहोत हेच मी विसरून गेले.

तो चावीवाला म्हणजे माझे सासरे. तीस वर्षं खांद्यावर लोखंडी चावी घेऊन गावभर व्हॉल्व्ह उघडत फिरलेला माणूस. कुठल्या गल्लीत किती वाजता पाणी सोडायचं हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. रोज बाराला नदीवरचा पंप तासभर बंद व्हायचा. त्या तासात मामंजी टेकडीवरच्या मोठ्या टाकीपाशी जायचे, पाइपाच्या तोंडाशी असलेल्या चेंबरमध्ये शिडीनं उतरायचे आणि जाळीत अडकलेलं शेवाळ, पानं, पिशव्या उपसून काढायचे. चेंबर चांगला दोन पुरुष खोल, पंप सुरू झाला की पाण्याच्या लोंढ्यानं भरणारा. बारा पंचावन्नला वर येऊन मला फोन करायचे, आणि एकच्या ठोक्याला पंप आपोआप सुरू व्हायचा. खरं तर उतरण्याआधी खालचा मोठा व्हॉल्व्ह बंद करायचा नियम आहे. पण तो व्हॉल्व्ह सात वर्षं जाम आहे, आणि त्याच्या दुरुस्तीचे अर्ज त्याच्याहून जाम आहेत.

नवी सिस्टीम हवी म्हणून कचेरीच्या मागे लागले ती मीच. जुनी सिस्टीम ज्यांनी बनवली त्यांनीच तिला वाऱ्यावर सोडून कैक वर्षं झाली होती. सकाळी चालू केली की उठायला सात मिनिटं घ्यायची. बटण दाबल्यावर उत्तर द्यायला चाळीस सेकंद. मधेच निळी पडायची, मग मी तिला शिव्या द्यायचे आणि ती आणखी निळी पडायची.

मामंजींना हे पटत नव्हतं. जेवताना रोज तोच विषय.

"चालतंय ना? मग कशाला हात लावता?"

"चालत नाही मामंजी, खुरडतंय."

"खुरडत का होईना, वेळेवर पोचतंय. तुमचे नव्याचे नऊ दिवस."

"आणि दहाव्या दिवशी जुनं बंद पडलं की गाव माझ्या नावानं खडे फोडणार, तुमच्या नाही."

नवरा आमच्या मधे पडायचा नाही. तो शहाणा आहे.

शेवटी कचेरीचं पत्र आलं. नवी सिस्टीम घातलेला कॉम्प्युटर पाठवत आहोत, माणूस येऊन जोडून देईल. जुनी ठेवायची की नवी घ्यायची, ते पंपघर चालवणाऱ्यानं पाहून सहीनिशी कळवावं. म्हणजे मी. माझी सही मनातल्या मनात तेव्हाच होऊन गेली होती.

जोडायला आलेला माणूस तिशीतला, अंगानं बारीक, बोलायला गोड. काहीही विचारलं की "दोन मिनिटं, मॅडम." मी मनात त्याचं नावच 'दोन मिनिटं' ठेवलं. पंप बंद असतो त्या तासात बदल करायचा असं ठरलं. भिंतीवर बारा वाजले, जुन्या कॉम्प्युटरनं पंप बंद केला, दाबाचा काटा शून्यावर आला. लगेच मामंजींचा फोन.

"थांबला. मी उतरतो."

"उतरा. आज नवा येतोय बरं का."

"येऊ दे. पाय धुवायला पाणी दे त्याला," म्हणाले आणि फोन ठेवला. फोन ते वरच पिशवीत ठेवतात. चेंबरमध्ये एकदा पडून एक वाया गेला, तेव्हापासून.

'दोन मिनिटं'नी नवा कॉम्प्युटर मांडला. हातात यादी होती, एकेक विचारून खूण करत होता.

"पंप पुन्हा चालू किती वाजता?"

"एक."

"घड्याळ बरोबर आहे ना इथलं?"

मी भिंतीकडे पाहिलं. बारा तीन. जुन्याच्या पडद्यावर पाहिलं. बारा तीन.

"सेकंदाचाही फरक नाही," मी म्हणाले. वर थोडा तोराही होता आवाजात.

त्यानं खूण केली. जुना बंद केला. त्याची केबल काढून नव्याला लावली. नदीवरच्या पॅनेलपर्यंत जाणारी ती एकच केबल आहे. नदीवर माणूस नसतो. तिथं पंप, पॅनेल आणि एक कुलूप.

"आता याची गंमत बघा," तो म्हणाला. "जुना काय करायचा, एक वाजला की हुकूम पाठवायचा. मधे हा बंद पडला तर पंपही बसून राहायचा. नवा आत्ताच पूर्ण वेळापत्रक पॅनेलला देऊन ठेवतो. उद्या कॉम्प्युटर बंद पडू दे, केबल तुटू दे, पंप आपल्या वेळेला चालू होणारच."

मी खूश झाले. हेच तर हवं होतं. वेळापत्रक गेलं, हिरवी खूण आली. मग काही बारीकसारीक जोडण्या झाल्या आणि त्यानं नवा एकदा बंद करून चालू केला.

पडदा उजळला. डोंगराचं सुरेख चित्र, आणि त्यावर मोठ्या अक्षरांत वेळ. बारा शेहेचाळीस.

मी भिंतीकडे पाहिलं. बारा सत्तावीस.

आणि मी हसले. देवाशपथ, आधी हसूच आलं. "तुमचा पाहुणा फार घाईत दिसतोय," असं मी म्हणाले.

"घाई कसली? नेटवरून वेळ घेतो तो. बरोबरच असणार." त्यानं पासवर्ड टाकला. डोंगर गेला, निळ्या पडद्यावर एक गोल फिरू लागला. तयारी सुरू आहे. कृपया कॉम्प्युटर बंद करू नका. चार टक्के.

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. नव्याचा एक म्हणजे जगाचा एक. आमचे बारा एकेचाळीस. पंप चौदा मिनिटांनी चालू होणार होता, आणि मामंजींच्या घड्याळाप्रमाणे त्यांना अजून अठ्ठावीस मिनिटं खाली काम करायचं होतं.

"पंप थांबवा," मी म्हणाले.

"पंप बंदच आहे, मॅडम."

"चालू होणारेय. वेळापत्रक काढून घ्या. आत्ता."

मी त्याला सगळं सांगितलं. सांगताना माझं मलाच ते किती खुळचट वाटत होतं. एवढी शिकलेली माणसं आणि एका बिघडलेल्या घड्याळाप्रमाणे जगत होती. त्याचा चेहरा उतरत गेला.

"हे अपडेट आटपलं की लगेच काढतो. दोन मिनिटं."

"दोन मिनिटं कुणाची? तुमची की आमची?"

त्यानं पडद्याकडे बोट केलं. नऊ टक्के.

मी खणातून फोन काढून मामंजींना लावला. वाजून वाजून बंद. पुन्हा लावला. टेकडीवर, पिशवीत, डब्याशेजारी तो फोन वाजत असणार, आणि दोन पुरुष खाली मामंजी शेवाळ ओढत असणार. बाहेर धावत जाऊन पहारेकऱ्याला सायकलवर टेकडीकडे पिटाळलं. तो काय समजायचं ते समजला आणि निघाला, पण चढ आहे, वर शेवटी पायऱ्या. पंचवीस मिनिटांच्या आत पोचणं शक्य नव्हतं. नदीकडची वीज तोडायला सांगावी म्हणून वीजकेंद्राला फोन केला, तर तिकडून "आपण रांगेत आहात." रांगेत! मी फोन टेबलावर आपटला.

बारा पन्नास. खरे बारा पन्नास. आता मी फोनवरचीच वेळ पाहत होते. नवा अठरा टक्क्यांवर.

"जुना कॉम्प्युटर पंप बंद करू शकेल का?" मी विचारलं.

"सरळ हुकूम दिला तर... करायला हवा."

"हो की नाही?"

"पॅनेल आता नव्याच्या ताब्यात आहे. जुन्याचं ऐकेल असं वाटतं. खात्री नाही देता येत. आणि मॅडम, मधेच केबल काढली तर नव्याची जोडणी मोडेल. मग हा उठला तरी उपयोग नाही."

म्हणजे एकच केबल आणि दोन कॉम्प्युटर. नवा हुशार, पण किती वेळात उठेल ते त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. टक्के सांगत होता, मिनिटं सांगत नव्हता. जुना मठ्ठ, पण त्याची सात मिनिटं मला पाठ होती. किती सकाळी त्याच्यासमोर चहा पीत, त्याला लाखोली वाहत मी ती सात मिनिटं काढली होती. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, पण इथं दगड कुठला नि वीट कुठली हे कोण सांगणार होतं?

"काढा केबल," मी म्हणाले.

"मॅडम, वीस टक्के झालेत. पुढे पटकन—"

"माझा सासरा आहे तिथं खाली!" मी ओरडले. आयुष्यात परक्या माणसावर इतकी ओरडले नव्हते. मग थांबले नाही, मीच वाकून केबल उपसली आणि जुन्याला लावली. बटण दाबलं. पंखा घरघरला. बारा एक्कावन्न.

म्हणजे बारा अठ्ठावन्नला उठणार. दोन मिनिटं हातात. पुरे होती.

काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावल्या. मग थांबल्या. मागच्या वेळी नीट बंद केला नव्हता, डिस्क तपासत आहे. रोज मीच त्याला रीतसर बंद करते, तो संपूर्ण बंद होऊन दिवा विझेपर्यंत थांबते. आज केबल काढायच्या घाईत 'दोन मिनिटं'नी त्याचा स्विच दाबला होता. त्या बिचाऱ्याला काय माहीत.

"हे टाळता येत नाही का?"

"एखादी कळ दाबून..." त्यानं कळ दाबली. दुसरी दाबली. काही झालं नाही. त्याच्या कपाळावर घाम होता आणि तो पुसत नव्हता.

मी उभीच राहिले. बसवत नव्हतं. मला सारखे मामंजींचे हात दिसत होते, पाण्यानं सुरकुतलेले, नखांत हिरवं. रोज घरी आल्यावर ते हात साबणानं तीनदा धुतात आणि तरी नातीला भरवताना ती नाक मुरडते. भीती, राग, लाज, सगळं एकदमच होतं मनात, पण जास्त करून भीती.

बारा सत्तावन्नला मागे टिंग असा गोड आवाज झाला. नवा उठला होता. स्वच्छ निळा पडदा, कोपऱ्यात वेळ, सगळं झळझळीत.

"मॅडम, उठला!" तो ओरडला. "केबल द्या! जोडणी नव्यानं करतो, तीन-चार मिनिटं फार तर!"

जुन्यावर डिस्क तपासणी अजून चालू होती. सत्तर टक्के, मग एकदम नव्वद. माझा हात केबलकडे गेला. खोटं कशाला सांगू, गेला. मग मी तो मागे घेतला. "फार तर" हा शब्द मला नको होता. तीन-चार मिनिटांची सहा झाली तर? जुना निम्म्या वाटेवर आला होता. मी टेबलाशी चिकटून उभी राहिले, केबल माझ्या अंगामागे दडवून, एखाद्यानं हिसकावून घेऊ नये म्हणून.

"हाच," मी म्हणाले.

बारा एकोणसाठला जुन्याचं ते फिकट चित्र आलं. प्रोग्रामवर दोनदा टिचकी मारली. पडद्यावर वाळूचं घड्याळ.

एक वाजला.

दाबाचा काटा हलला. आधी थरथरला, मग वर चढू लागला, शांतपणे, रोज चढतो तसा. पंप सुरू झाला होता. पंप बंद असताना टेकडीकडचा पाइप रिकामा होतो, तो भरून पाणी चेंबरला पोचायला चार मिनिटं लागतात. ही चार मिनिटं कागदावरची. कुणी कधी मोजायला गेलं नव्हतं.

एक वाजून एक. प्रोग्राम उघडला. मी 'बंद' दाबलं. 'खात्री आहे?' असं त्यानं विचारलं. मी त्याला जे उत्तर दिलं ते इथं लिहिता येणार नाही. दाबलं. आणि मग त्याचे ते चाळीस सेकंद.

काटा चढतच होता. 'दोन मिनिटं' तोंडावर हात ठेवून उभा होता. तीस. पस्तीस. चाळीस. पंचेचाळीस. ऐकलं नाही, मला वाटलं. पॅनेलनं नाही ऐकलं त्याचं.

काटा थांबला. क्षणभर तसाच राहिला, आणि खाली पडला.

कुणीच हसलं नाही, टाळ्या नाहीत, काही नाही. कारण पाइपात पावणेदोन मिनिटांचं पाणी गेलेलं होतं, आणि ते कुठवर पोचलं हे कळायला मार्ग नव्हता. मी मामंजींना फोन लावत राहिले. वाजून बंद, वाजून बंद. भिंतीवरचं घड्याळ त्यांच्या वेळेनं चाललं होतं. बारा पंचेचाळीस. बारा पन्नास. मी नास्तिक नाही आणि फारशी आस्तिकही नाही, पण त्या दहा मिनिटांत ज्याला ज्याला हाक मारता येईल त्याला मारून झाली.

भिंतीवर बारा पंचावन्न झाले आणि फोन वाजला.

"झाली जाळी साफ. आज पिशव्याच पिशव्या. आणि अगं, फोन का एवढे केलेस? काय पेटलंय का?"

मी फोन दोन्ही हातांनी धरला.

"हॅलो? आणि ऐक, आज आत पाणी आलं. गुडघ्यापर्यंत चढलं. मी म्हटलं, पंप तर बंद आहे, कुठून तरी झिरपलं असेल."

"मग... मग वर नाही का आलात?"

"वर कशाला यायचं? माझ्या घड्याळात दहा मिनिटं बाकी होती."

मी खाली बसले आणि रडले. मोठ्यानं, नाक ओढत, परक्या माणसासमोर.

तासाभरानं मामंजी पंपघरात आले, पँट गुडघ्यापर्यंत ओली. पहारेकऱ्यानं त्यांना वाटेत अर्धंमुर्धं सांगितलं होतं. त्यांनी आल्या आल्या जुन्या कॉम्प्युटरच्या डोक्यावर हात ठेवला. "मर्दा, वाचवलंस," म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "आता तरी पटलं? लिही पत्र. जुनी सिस्टीमच ठेवा म्हणावं."

'दोन मिनिटं'नी मला बाजूला घेतलं. "मॅडम, नव्या सिस्टीममधला दोष असं लिहा. दोष सिस्टीमवर गेला की कुणाला त्रास नाही. घड्याळाची खूण यादीवर मीही न बघता केलीय."

सोपं होतं. मामंजी खूश झाले असते, तो सुटला असता, मी तर वाचवणारी ठरले असते. माणसाला मोह पडतो आणि मला पडला. मी पेन उचललं सुद्धा.

पण मग उद्या बारा वाजता मामंजी त्याच घड्याळावर भरवसा ठेवून खाली उतरणार होते.

"नव्यात दोष नव्हता, मामंजी," मी म्हणाले. "नव्याची वेळ खरी होती. खोटी आपली होती. त्यानं मला विचारलं, घड्याळ बरोबर आहे का. मी हो म्हणाले."

"तू हो म्हणालीस?"

"हो. भिंतीकडे बघून."

ते माझ्याकडे पाहत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं, रागाला मला उत्तर देता येतं. त्यांनी फक्त खुर्ची ओढली आणि बसले. ओल्या पँटकडे पाहिलं. बोटानं गुडघ्यावरची रेघ दाखवली, जिथवर पाणी आलं होतं ती. मग त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

मी पत्रात सगळं जसंच्या तसं लिहिलं, माझ्या नावासकट. शेवटी लिहिलं की नवी सिस्टीम घ्यावी, पंपघराची सारी घड्याळं जगाला जुळवावीत, खालचा व्हॉल्व्ह दुरुस्त होईपर्यंत दुपारचं वेळापत्रक बंद ठेवावं आणि तेवढा तास पंप माणसानं हातानं चालू-बंद करावा. सही केली.

घरी त्या रात्री जेवणात कुठलाच विषय निघाला नाही. मामंजी माझ्याशी बोलले नाहीत. सकाळीही नाही. मला वाटलं, हा माणूस आता माझ्या भरवशावर कधी उतरणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

दुपारचं वेळापत्रक काढून नवा आदल्या संध्याकाळीच जोडून घेतला होता; जगाच्या बाराला मी त्याच्यावर पंप हातानं बंद केला. काटा शून्यावर आला. नेहमीचा फोन आला नाही. बारा दोन झाले, बारा पाच. मग वाजला.

"थांबला?"

"थांबला, मामंजी."

"तू थांबवलास की त्यानं?"

"मी. आणि तुम्ही वर येऊन फोन केल्याशिवाय चालू करणार नाही, किती का वाजेनात."

पलीकडे लोखंडी चावी जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

"बरं," म्हणाले. "मग उतरतो."

त्यानंतर त्यांचा फोन येईपर्यंत मी खुर्चीवरून उठले नाही.